आप्पा कुणाला छळणार?

गेल्या महिन्यात एका सकाळी पावणेसातला फोन वाजला. या वयात इतक्या सकाळी फोन आला की आधी छातीत धस्स होतं. कोण गेलं, हाच पहिला विचार. फोन भाच्याचा होता. आवाज घाईतला, मागे घंटा आणि मंत्रांचा गलका.

"आत्या, आप्पांच्या आज्जीचं नाव काय?"

"अरे, आहेस कुठे तू?"

"ते नंतर सांगतो. गुरुजी थांबलेत. लवकर सांग."

मी नाव सांगितलं. मग त्याने आपलं गोत्र कोणतं ते विचारलं. मी आठवून सांगणार तेवढ्यात मागून कुणाचा तरी आवाज आला, "माहीत नसेल तर काश्यप म्हणा, चालतं." आणि फोन बंद झाला.

आप्पा म्हणजे माझे वडील. मंडळी, मी चहा गॅसवर तसाच उकळत ठेवून पाच मिनिटं खुर्चीत बसून होते. चहा आटला. ज्या बाईचं नाव फोन करून विचारावं लागतं, तिच्या आत्म्याला हा मुलगा काय सांगणार होता?

चार दिवसांनी भाचा प्रसाद घेऊन विश्रामबागला आला तेव्हा सगळं कळलं. त्याच्या मुलीचं लग्न जमत नाही म्हणून कुणीतरी एका ज्योतिषाचं नाव सुचवलं. त्याने पत्रिका बघून सांगितलं, पितृदोष आहे. घराण्यातला कुणाचा तरी आत्मा अडकलाय. त्यासाठी एका प्रसिद्ध क्षेत्री जाऊन नारायण नागबळी करायचा, तीन दिवसांचा. त्यात कणकेची आकृती करतात, तिचे अंत्यसंस्कार करतात, नागाचेही करतात. किती खर्च आला ते भाच्याने सांगितलं नाही. ते वहिनींनी नंतर फोनवर हळू आवाजात सांगितलं. तेवढ्यात मळ्यातल्या समाध्यांना चांगलं दगडी कुंपण झालं असतं.

आणि ज्या मुलीसाठी हे चाललंय ती पुण्याला नोकरी करते. तिला अजून दोन वर्षं लग्नच करायचं नाही. तिला विचारलं कुणी? तिने मला आधीच सांगून ठेवलंय, "आत्याआजी, तू बाबांना समजाव." आता या वयात मी कुणाकुणाला समजावू? म्हणून इथे लिहिते आहे. वाचून काहींना राग येईल. येऊ दे.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माझी आज्जी गेली तेव्हा मी सहावीत होते. तिला न्हाऊमाखू घालून, कपाळभर विभूती लावून, विमानात बसवून मळ्यात नेलं. विमान म्हणजे फुलांनी सजवलेली बसायची पालखी. जंगम अय्या पुढे होते. खड्ड्यात तिला बसवलं, झोपवलं नाही. डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं. भोवती बेलाची पानं आणि विभूती. मला भीती वाटली नाही, हे मला पक्कं आठवतं. ती शेंगा निवडायला बसल्यासारखी दिसत होती. मग आप्पांनी मला उचललं आणि म्हणाले, "मूठभर माती टाक आज्जीला." मी टाकली. ती मूठ अजून हाताला आठवते.

आमच्या धर्मात माणूस मेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. शिवाशी एक झाला, संपलं. मागे राहून भटकणारा, भुकेला, अडकलेला असा आत्मा या विचारात बसतच नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी ज्या गोष्टींविरुद्ध आवाज उठवला त्यात मध्यस्थ आणि कर्मकांड आधी येतं. प्रत्येकाच्या गळ्यात लिंग बांधलं ते याचसाठी, की देवापर्यंत जायला वाटेत कुणाला पैसे द्यावे लागू नयेत. आता त्याच घराण्यातला माणूस, गळ्यात लिंग असताना, न जाळलेल्या पूर्वजांच्या नावाने कणीक जाळून येतो. बरं, लिंगायतांनी सगळंच शुद्ध ठेवलंय असं मी म्हणत नाही. आमच्यातही तिथ्या, मुहूर्त, शांती सगळं घुसलेलं आहे. माझ्या लग्नात पण होतं. पण निदान मेलेल्यांना भ्यायचं नसतं, एवढं तरी आज्जीने आम्हाला शिकवलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लगेच म्हणतील की बाई दुसऱ्यांच्या श्राद्धपक्षावर घसरल्या. अजिबात नाही. आमच्या शेजारी एक ब्राह्मण कुटुंब आहे. पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला काकू पहाटे उठून स्वयंपाकाला लागतात. खीर, वडे आणि अळूवड्या हव्यातच, कारण सासऱ्यांना त्या आवडायच्या. ताट वाढून गच्चीवर ठेवतात आणि कावळा येईपर्यंत तिथे उभ्या राहून सासऱ्यांच्या गोष्टी सांगतात. कधी कधी कावळा लवकर येत नाही तेव्हा म्हणतात, "मामंजींचं हे असंच, चार हाका मारल्याशिवाय पानावर यायचे नाहीत." मला सांगा, यात भीती कुठे आहे? हे तर घरचं माणूस जेवायला बोलावणं झालं. त्यांच्याकडे तीन पिढ्यांची नावं म्हणतात, आई, आजी, पणजी यांचीसुद्धा. त्यांना ती पाठ आहेत. फोन करावा लागत नाही.

माझं भांडण आहे ते 'दोष' या शब्दाशी. ज्या माणसाने एक वेळ उपाशी राहून मुलांना शिकवलं, तो मेल्यावर नातवंडांच्या पत्रिकेत जाऊन बसतो आणि पणतीचं लग्न अडवतो? आमचे आप्पा कुणाला छळणार? आयुष्यात त्यांनी बैलाला कधी चाबूक मारला नाही. दादाला इंजिनिअरिंगला घालताना त्यांनी विहिरीवरचं नवं इंजिन विकलं आणि दोन वर्षं पुन्हा मोटेवर पाणी काढलं. अशा माणसाला अतृप्त आत्मा म्हणायचं, आणि तेही पैसे मोजून म्हणवून घ्यायचं! जिवंतपणी कुणी आप्पांना असं बोललं असतं तर दादाने त्याला दारात उभं केलं नसतं.

आपल्याच भागातलं एक नाव इथे आठवतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. आमच्या विश्रामबागेतल्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेच्या मेडिकलला डॉक्टर झाले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा आला, आधी वटहुकूम आणि मग डिसेंबरमध्ये कायदा. त्या कायद्यात पूजापाठाला आणि ज्योतिषाला हात लावलेला नाही, त्यामुळे भाच्याने जे केलं त्यात बेकायदेशीर काहीच नाही. माझी तक्रार पोलिसात द्यायची नाहीच. ती घरातली आहे.

भाचा प्रसाद देऊन उठायला लागला तेव्हा मी सहज विचारलं, "मळ्यात समाधीवर कधी गेला होतास?"

तो गप्प. मग म्हणाला, "आत्या, त्याबद्दल पण बोलायचं होतं. ते प्लॉटिंगमध्ये येतंय."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून मळ्यात गेले. गावाचं नाव लिहीत नाही, भाचा आधीच रागावलाय. मिरज तालुक्यातलं आहे एवढं पुरे. आता खरं सांगायचं तर मीही किती वर्षांनी जात होते? २०१८ च्या शिवरात्रीला गेले होते त्यानंतर करोना आला, मग गुडघा, मग यांचं आजारपण. कारणं सगळी खरी होती. पण ती सांगायला समाधीवर कुणी बसलेलं नव्हतं.

बांधावरची वाट राहिलीच नव्हती. घाणेरी कमरेएवढी वाढलेली. आप्पांच्या समाधीच्या कडेला बाभूळ उगवली आहे, मनगटाएवढ्या खोडाची, म्हणजे कितीतरी पावसाळे तिला कुणी हात लावलेला नाही. आज्जीच्या समाधीवरचा दगडी नंदी एका बाजूला कललाय. आणि या सगळ्यामधून पांढऱ्या फक्कीची एक सरळ रेघ गेली होती. रेघेच्या टोकाला खुंटी, खुंटीला लाल रंगात आकडा. चौदा. आज्जीचं डोकं चौदा नंबरच्या प्लॉटमध्ये आणि पाय, म्हणजे मांडी घातलेले पाय, पंधरा नंबरमध्ये.

रिक्षावाला पोरगा चांगला. त्याने न सांगता काठीने थोडी घाणेरी झोडपली आणि मला बसायला जागा करून दिली. मी पिशवीतलं खुरपं काढलं. तासाभरात जेवढं जमलं तेवढं केलं. फक्कीची रेघ मी पायाने पुसली. बालिशपणा आहे, कबूल. ते परत ओढतील.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण तो काही वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं असं, की शेती परवडत नाही, पोरांना शेती नको, कर्ज आहे. सांगली वाढत वाढत मळ्यापर्यंत आलीये, आज नाही विकलं तर उद्या कुणीतरी दबावाने घेईल. आणि आत्या, प्रत्येक मेलेल्याला जागा राखायची म्हटलं तर जिवंतांनी राहायचं कुठे? आणि शेवटी, "थडग्याशेजारचा प्लॉट घेणार कोण?"

पहिल्या तीन गोष्टींवर माझ्याकडे उत्तर नाही. जमीन त्याची आहे, विकायचा हक्क त्याचा आहे. पण शेवटच्या प्रश्नावर मी त्याला विचारलं, "म्हणजे पत्रिकेत बसलेल्या पितरांना तू एवढा भितोस की तीन दिवस मुलीसाठी सुट्टी काढून जातोस, आणि ज्या जागेत ते खरोखर आहेत तिथे जेसीबी घालायला भीत नाहीस? असं कसं रे?" तो म्हणाला, "आत्या, तू शाळेतल्यासारखं बोलू नकोस."

शाळेतलंच सांगते मग. मी नववीच्या वर्गाला दरवर्षी एक गृहपाठ द्यायची. आपल्या चार पिढ्यांची नावं लिहून आणा, बापाच्या बाजूची आणि आईच्या बाजूची. पन्नासांच्या वर्गात आजोबांच्या वडिलांचं नाव आणणारे निम्मे असायचे. आजोबांच्या आजोबांचं नाव आणणारे बोटावर मोजण्याइतके. पणजीचं माहेरचं नाव आणणारं पोर मला पस्तीस वर्षांत क्वचित भेटलं. आणि त्यात पोरांची चूक नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव पुसायचं, हे आपणच ठरवलं. मग कुणाच्या पणजीचं नाव कुणाला माहीत असणार? एक मुलगा मात्र दरवर्षी आठवतो. त्याने वहीत लिहिलं होतं, "पणजीचे नाव कोणालाच माहीत नाही. सगळे तिला म्हातारी म्हणत." मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

थडग्यांचं म्हणाल तर आपल्या सांगली-मिरजेत मेलेल्यांच्या शेजारी जिवंतांचं सगळं सुखाने चाललेलं आहे. मिरजेला मिरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा चढतो, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते १९३७ साली गेले, तिकडे मद्रासच्या बाजूला, प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर. पण त्यांना आणलं मिरजेला. दरवर्षी उरुसात तिथे गाण्याची सभा होते. लांबलांबचे गवई येतात, कबरीवर डोकं टेकवतात आणि गातात. त्यातले कितीजण त्यांच्या रक्ताचे असतील? पण गळ्याने त्यांचेच. आपल्या पूर्वजाकडे जाऊन त्याचीच विद्या त्याला ऐकवून दाखवायची, याहून चांगलं श्राद्ध मला तरी माहीत नाही. यांच्याबरोबर मी दोनदा गेले आहे ऐकायला. रात्र कधी सरली कळलं नाही.

माझ्या शाळेत एक ख्रिस्ती बाई होत्या, माझ्याहून सिनियर. २ नोव्हेंबरला, त्यांच्या मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी दफनभूमीत जायच्या. एकदा मला घेऊन गेल्या. मला वाटलं, रडतील वगैरे. त्यांनी पदर खोचला, आईच्या थडग्याभोवतीचं गवत काढलं, मेणबत्ती लावली आणि आईला धाकट्या मुलाचे मार्क सांगितले. गणितात नापास झाला होता, तेही सांगितलं. परत येताना आम्ही भेळ खाल्ली.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या तावडीतून त्याने शाहूंना वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. शाहू गेले १७४९ ला. म्हणजे पावणेतीनशे वर्षांच्या आसपास एका कुत्र्याची समाधी राखली गेली. आमच्या आज्जीने अकरा पोरं जन्माला घातली, पाच जगवली, दुष्काळात गावातल्या दोन पोरक्या मुलांना वाढवलं. तिला साठ-सत्तर वर्षंसुद्धा नाहीत.

आणि आमच्याच धर्माचं उदाहरण द्यायचं तर कूडलसंगम. कृष्णा आणि मलप्रभेचा संगम, बागलकोट जिल्ह्यात. तिथे बसवण्णांचं ऐक्यस्थळ. धरणाचं नाव काढलं की आम्हा सांगलीकरांच्या पोटात गोळा येतो, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं ते डोळ्यांसमोर येतं. पण तिकडे नारायणपूर धरणाचं पाणी संगमावर चढणार हे दिसल्यावर लोकांनी काय केलं? ऐक्यलिंगाभोवती विहिरीसारखं गोल बांधकाम उभं केलं. आज चहूबाजूंनी कृष्णेचं पाणी आणि आत पायऱ्या उतरून गेलं की ते लिंग जिथल्या तिथे. निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर मी गेले होते. आत उतरताना भिंतीला हात लावला तर गार लागली, पलीकडे नदी आहे हे त्या गारव्याने कळत होतं. धरण थांबवलं नाही कुणी. शेतीला पाणी मिळालं. पण एक जागा राखली. म्हणजे राखायची म्हटली तर राखता येते! भाच्याच्या लेआउटमध्ये तर नदी पण नाही.

हे मी त्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "ते बसवण्णा आहेत, आत्या." बरोबर आहे. आमची आज्जी बसवण्णा नव्हती. म्हणूनच तिला राखायला आमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

आता माझ्या स्वतःकडे येते, कारण दुसऱ्याला बोलणं सोपं असतं. १९९८ साली दादाने मला बोलावलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारी दुरुस्ती १९९४ साली झाली होती, मला माहीत होतं. शिक्षिका होते, पेपर वाचत होते. पण आपल्याकडे बहिणीने सही करायची असते. मी केली. दादाने साडी घेतली, चांगली होती. सही करताना मी एवढंच म्हटलं, "समाध्यांना हात लावू नकोस." दादा म्हणाला, "वेडी आहेस का?" दादाने शब्द पाळला. पण तो शब्द कागदावर नव्हता, आणि दादा २०१५ ला गेला. सातबाऱ्यावर समाधीची नोंद कधी कुणी केलीच नाही. वर्गातल्या मुलांना मी आयुष्यभर सांगत आले की सही करण्याआधी वाचा आणि जे हवंय ते लिहून घ्या.

दुसरं म्हणजे आमचं हे घर. विश्रामबागच्या मागच्या अंगाला ही सगळी एके काळची मळ्याची जमीन. गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला तेव्हा आम्ही पैसे भरून नियमित करून घेतलं. १९८६ ला टाकीसाठी खड्डा घेताना एक सपाट घडीव दगड निघाला, वर पिंडीसारखं काहीतरी कोरलेलं, झिजलेलं. गवंडी म्हणाला, "बाई, बाजूला ठेवतो." तो कंपाउंडच्या भिंतीला टेकवला. जवळजवळ चाळीस वर्षं मी त्यावर कुंड्या ठेवते आहे. तो कुणाचा दगड होता, कुणाच्या आज्जीचा होता, हे मी एकदाही विचारलं नाही. जमीन विकणाऱ्या माणसाला तरी विचारायचं! तेव्हा घराचे हप्ते, पोरांच्या फिया, शाळा... डोक्यातच आलं नाही. भाच्याला बोलून फोन ठेवला आणि समोर तो दगड दिसला. त्या दिवशी मी कुंड्या उतरवल्या. दगड धुतला. आणखी काय करायचं ते मला कळत नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं.

त्या ज्योतिषाने भाच्याला विचारलं होतं की घराण्यात कुणाचं अकाली मरण झालंय का. भाच्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. आप्पांना एक धाकटी बहीण होती. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आली. का आली ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत सापडली. सतरा-अठरा वर्षांची असेल. मी तेव्हा फार लहान. आज्जीच्या समाधीपासून चार पावलांवर नुसते पाच-सहा दगड रचलेले आहेत, त्यावर नंदी नाही, काही नाही. ते तिचे. आज्जी दर सोमवारी आमच्या हातून पाणी घालून घ्यायची ते आधी त्या दगडांवर, मग बाकीच्यांवर. नाव विचारलं तर म्हणायची, "पाणी घाल, बोलू नको."

म्हणजे ज्योतिषाचं बरोबरच निघालं, असं भाचा म्हणेल. म्हणू दे. कुठल्या घराण्यात तीन-चार पिढ्यांत अकाली मरण नाही? विहिरी, बाळंतपणं, प्लेग, पटकी... हा प्रश्न विचारून कधीच कुणी चुकणार नाही. पण समजा, ती मुलगी आहे कुठेतरी आणि तिचं काही म्हणणं आहे. तर ते काय असेल? कणकेची बाहुली करून मला एकदाची इथून घालवा, असं? जिवंतपणी सासरी नको झाली, माहेरी नको झाली, मेल्यावर तिचं नाव घरात कुणी घेतलं नाही, आणि आता सत्तर वर्षांनी तिच्याच भावाचा नातू पैसे देऊन म्हणतो, ही बाधा आहे, हिला हाकला. पुरे झालं हो! एका पोरीला किती वेळा घराबाहेर काढायचं?

तिचं नाव मला आईने शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं. ते इथे लिहीत नाही. आधी मळ्यात दगडावर लिहायचं आहे.

माझी मागणी साधी आहे. अख्खा मळा नको. एक एकराच्या वरचा लेआउट करताना दहा टक्के मोकळी जागा नाहीतरी सोडावीच लागते. ती रस्त्याच्या कडेला, कुणाला नको त्या कोपऱ्यात सोडण्याऐवजी समाध्यांच्या भोवती सोडा. रेघा थोड्या सरकतील. चौदा आणि पंधरा नंबर दुसरीकडे जातील. तिथे पोरं खेळली तरी चालेल, आज्जीला आवडेल. चार झाडं लावा. आणि नकाशावर मोकळी जागा एवढंच न लिहिता समाधी असं लिहा, म्हणजे माझ्यासारखी चूक पुन्हा होणार नाही. भाच्याने विधीला जेवढे घातले तेवढ्यात कुंपण होतं. नसेल होत तर माझी पेन्शन आहे.

हे सगळं मी दोन पानांवर स्वच्छ अक्षरात लिहून त्याला पाठवलं. बरोबर दोनशे पानी वहीत आमच्या पाच पिढ्यांची नावं लिहून काढली आहेत, बायकांची माहेरच्या नावासकट, जेवढी मिळाली तेवढी. सात जागा रिकाम्या आहेत. वहिनींच्या माहेरी कुणी म्हातारं माणूस आहे, त्यांना विचारून दोन भरतील असं त्या म्हणाल्या. वहीचे फोटो पुण्याच्या पोरीने मोबाईलवर मागून घेतले. रात्री तिचा फोन आला. तिला पणजोबांच्या बहिणीबद्दल, म्हणजे नकाशात वेगळ्या शाईने लिहिलेल्या त्या मुलीबद्दल विचारायचं होतं. तासभर बोललो. लग्नाचा विषय निघाला नाही.

भाच्याचं अजून उत्तर नाही. मोजणीवाले रविवारी परत येणार आहेत असं कळलं. पोरगी शनिवारी रात्रीच्या गाडीने येते म्हणाली, सकाळी मला स्कूटीवर मळ्यात नेणार आहे. बाभूळ तोडायला कोयता लागेल, तो शेजारच्या काकूंकडून आणून ठेवलाय.